टक्क्यांची बेरीज शंभराच्या वर गेली तर

आता एक असं गणित घेऊ, जे स्पर्धा परीक्षेला बसलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी पाहिलेलं असतं. वर्गातले ६५ टक्के गणितात पास, ५५ टक्के इंग्रजीत पास, तर दोन्हींत पास किती? आपला हात आधी बेरजेकडे जातो. बेरीज येते १२०. शंभरात एकशेवीस कसे मावणार? मावत नाहीत. म्हणजे निदान वीस जण दोनदा मोजले गेले.

हे 'निदान' तर्कशास्त्रात नीट बसवलं ऑगस्टस डी मॉर्गन यांनी. जन्म १८०६चा, आपल्या मदुराईचा. पुढे लंडनला गणिताचे प्राध्यापक. जुन्या तर्कशास्त्राकडे शब्द होते 'सर्व', 'काही' आणि 'एकही नाही'. 'काही' आणि 'काही' यांतून निष्कर्ष निघत नाही. डी मॉर्गन यांनी १८४७च्या 'फॉर्मल लॉजिक'मध्ये आकडे आणले. एकाच समूहातले निम्म्याहून जास्त लोक 'अ' असतील आणि निम्म्याहून जास्त 'ब' असतील, तर काहींना दोन्ही असावंच लागतं. साधी गोष्ट, पण जुन्या चौकटीत ती बसत नव्हती.

पुढे १८८०पासून चार्ल्स डॉजसन, म्हणजे आपले 'ॲलिस'वाले लुईस कॅरल, एका मासिकात गोष्टींतून कोडी घालू लागले. १८८५ साली त्यांचं पुस्तक झालं, 'अ टँगल्ड टेल'. त्यात चेल्सीचे जायबंदी पेन्शनर सैनिक पाहून भाचीच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि तिच्या गणितवेड्या आत्याला (मावशीही असेल, इंग्रजीत एकच शब्द!) त्यात कोडं दिसतं. ७० टक्क्यांनी डोळा गमावला, ७५नी कान, ८०नी हात, ८५नी पाय. चारही गमावलेले किमान किती?

कॅरल जखमा मोजतात. शंभर माणसांत ३१० जखमा. प्रत्येकाला तीन दिल्या की ३०० संपल्या. उरलेल्या दहा कुणाला तरी चौथ्या म्हणून द्याव्याच लागतात. उत्तर १० टक्के. उलटं करून बघा: डोळा शाबूत असलेले ३०, कान २५, हात २०, पाय १५. बेरीज ९०. एखादा तरी अवयव वाचलेले जास्तीत जास्त नव्वद, म्हणून दहा सुटत नाहीत. आम्हाला ही दुसरी वाट जास्त आवडते.

मात्र दहा हा तळ आहे. सत्तरही असू शकतात. आपल्या वर्गातही दोन्हींत पास २० ते ५५ टक्क्यांमध्ये कितीही असू शकतात. नुसत्या दोन टक्क्यांवरून एकच उत्तर देणं चूक. प्रश्नात आणखी एक आकडा लागतो, आणि घाईत नेमकं तेच वाक्य डोळ्यांआड होतं. समजा, दोन्हींत नापास १० टक्के. मग कुठे ना कुठे पास ९०, आणि १२० वजा ९० म्हणजे दोन्हींत पास ३०. फक्त गणित ३५, फक्त इंग्रजी २५. गुणोत्तर ३५:२५:३०, म्हणजे ७:५:६. आता दोन्हींत पास झालेली मुलं ९० आहेत असं कळलं, तर एक भाग पंधराचा: फक्त गणितात १०५, फक्त इंग्रजीत ७५, दोन्हींत नापास ३०, आणि अख्खा वर्ग ३००चा.