चोरीच्या रुळांची रेल्वे कोणाची?

मागच्या वेळी आपण बर्मा-सयाम रेल्वेच्या बांधणीपर्यंत आलो होतो. आज तिच्या विक्रीबद्दल बोलू. हा भाग फारसा कुणाला ठाऊक नसतो. सिनेमा पुलावर निघाला, विक्रीवर नाही!

४१५ किलोमीटरचा हा मार्ग जपान्यांनी १९४२-४३ मध्ये पुरा केला. पण एवढं लोखंड आलं कुठून? मलायातल्या गेमास ते तुंपात या पूर्वेकडच्या मार्गाचे मैलोन्मैल रूळ उखडून नेले. बर्मातूनही माल गेला. क्वाईवरच्या त्या प्रसिद्ध पुलाचे कमानदार पोलादी गाळे जावातले.

युद्ध संपलं. आता रेल्वे कोणाची? जमीन बरीचशी थायलंडची, बांधणारा जपान, आणि माल तिसऱ्याचाच. चोरानं चोरीच्या विटांनी दुसऱ्याच्या अंगणात घर बांधलं, आणि चोर पकडला गेला, तर घर कोणाचं? आमच्या वर्गात यावर दोन तास सहज गेले असते. ब्रिटिशांनी व्यवहारी तोड काढली : विटा मागत बसायचं नाही, घरच विकायचं. ऑक्टोबर १९४६ मध्ये थायलंडमधला भाग थाई सरकारनं साडेबारा लाख पौंडांना, म्हणजे ५ कोटी बाथला घेतला. हे पैसे ज्यांचा माल गेला त्या शेजारच्या वसाहतींच्या भरपाईसाठी.

सौदा थायलंडला फारसा लाभला नाही. सरहद्दीवरचे रूळ ब्रिटिशांनी काढलेच होते. फेब्रुवारी १९४७ मध्ये पाहणीला गेलेले थाई वाहतूकमंत्री पूल कोसळून दगावले. शेवटी नाम तोकपर्यंतचा सुमारे १३० किलोमीटरचा तुकडा तेवढा राहिला.

आता जॉन लॉककडे या. तो म्हणतो, ज्यानं वस्तूत आपले श्रम मिसळले, त्याचा तिच्यावर हक्क. मग इथे श्रम कोणाचे? साठ हजारांवर युद्धकैदी. त्यांतले बारा हजारांहून अधिक तिथेच मेले. आशियाई मजूर त्याहून कितीतरी जास्त, मलायाच्या रबरमळ्यांतले तमिळ, बर्मी, जावानीज. त्यांच्या मृत्यूंचा नुसता अंदाज सांगतात : नव्वद हजारांच्या आसपास. कैद्यांची निदान नावं कागदावर होती. पन्नाशीच्या दशकात ब्रिटिश कैद्याच्या हाती ७६ पौंडांच्या आसपास पडले. मळ्यातल्या मजुराची हजेरी कोणाकडे? रुळावर कारखान्याचं नाव, साल उमटवलेलं असतं. रूळ आपला मालक सांगू शकतो. मलायाच्या रेल्वेला आपल्या लोखंडाची किंमत मागता आली. त्याच मलायातून नेलेल्या माणसांसाठी दावा लावायला कोणतं खातंच नव्हतं.