टोपीवाल्या साहेबाचा डबा

मी बँकेतला कारकून. माझा आयकर पगार हाती पडण्याआधीच कापला जातो. न पाहिलेल्या पैशांसाठी कोण रडणार? माझ्या मेहुण्याचे तसे नाही. तो मानवतला घरांचे नकाशे काढून देतो. गिऱ्हाइकाचा कापूस विकला गेला की पैसे मिळतात, नाही विकला की चहा मिळतो. मी बी. कॉम. असल्यामुळे त्याच्या हिशेबाचा फुकट सल्लागार झालो आहे.

पगार नसलेल्या माणसाकडून कर घ्यायचा कसा, ही सरकारांची जुनी डोकेदुखी. मराठेशाहीत दुकानदार आणि कारागिरांवर मोहतर्फा नावाची पट्टी असे. मुंबई इलाख्यात ती १८४४ साली कायद्याने उठली. लोकांना सोळा वर्षे जरा बरी गेली.

मग १८६० साली जेम्स विल्सनने आयकर आणला. सत्तावन्नच्या बंडाने तिजोरी खडखडीत झाली होती, ती भरायला विलायतेहून धाडलेला हा माणूस. मूळ धंदा टोप्या तयार करण्याचा! (मराठी वाचकाला यापुढे काही सांगायला नको.) गृहस्थ एकदा निळीच्या सट्ट्यात चांगलाच पोळला होता, पुढे त्याने चार्टर्ड बँक काढली. म्हणजे पैसा येतो कसा आणि जातो कसा, दोन्ही त्याला ठाऊक. वर्षाला दोनशेच्या आत माफी, पाचशेपर्यंत दोन टक्के, त्यावर चार. २४ जुलैला कायदा झाला आणि ११ ऑगस्टला साहेब कलकत्त्यात हगवणीने वारला. मद्रासचा गव्हर्नर ट्रेव्हेल्यन याने या कराला जाहीर विरोध केला म्हणून त्याला परत बोलावले, आणि दोनेक वर्षांनी त्यालाच अर्थखाते दिले! १८६५ साली कर बंद पडला. १८८६ साली आला तो मात्र मुक्कामालाच.

मानवतला यातले काहीच नव्हते. इथे निजामाचे राज्य, सात हाली रुपयांना सहा कलदार. संस्थानाचा आयकर कायदा १३५७ फसलीतला, म्हणजे अगदी शेवटी शेवटी. भारताचा कायदा लागू झाला तो एप्रिल १९५० पासून. विल्सनसाहेबाला मराठवाड्यात पोचायला नव्वद वर्षे लागली, आमची एस. टी. बरी.

२०१६ च्या अर्थसंकल्पाने डॉक्टर, वकील, इंजिनिअर अशांना एक सवलत दिली. हिशेबाच्या वह्या नकोत, जमेच्या निम्मे उत्पन्न धरा. पुढच्या वर्षीच्या अर्थसंकल्पाने भर घातली : अख्खा आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकदम भरा. मोहतर्फाच म्हणा ना, फक्त कॉलेजात जाऊन आलेला! मेहुण्याची २०१८-१९ ची जमा अकरा लाख. निम्मे साडेपाच. विमाबिमा शून्य. कर तेवीस हजार चारशे.

मी त्याला आधीच तीन डबे करून दिले होते : घर, धंदा आणि विल्सन. येईल त्या पैशातले थोडे तिसऱ्यात टाकायचे, असा माझा सल्ला. १४ मार्चला तिसरा डबा उघडला. आत एक चिठ्ठी : ‘होस्टेल.’

“अरे, हे काय?”

“दाजी, पोरीची जागा जात होती. ती एकदा माघारी आली असती तर पुन्हा गेली नसती.”

मी चिडलो. कागद ओढून दंड-व्याजाची बेरीज करायला बसलो. पंधरा तारीख चुकली, पण ३१ मार्चच्या आत भरले, तर व्याज एक टक्का. दोनशे चौतीस रुपये. आणि ज्या कलमाखाली ते लागायचे त्याचा आकडाही तेव्हा २३४ च होता!

दोनशे चौतीसात होस्टेलची जागा? मी कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि वहिनींना चहा टाकायला सांगितले.

महिनाअखेरीला एका गिऱ्हाइकाने अडकलेले पैसे दिले आणि कर भरला गेला. दुसऱ्या वर्षी मी मानवतला गेलो, तर डब्यावर ‘विल्सन’च्या खाली त्याने बारीक अक्षरात लिहून ठेवले होते : ‘अधिक २३४’.