सिद्धेश्वर तलाव व मंदिर, सोलापूर

सोलापूर शहराच्या मध्यभागी, भुईकोट किल्ल्याला पूर्वेकडून लागून असलेला मानवनिर्मित तलाव व त्यातील बेटावजा जागेवरचे सिद्धेश्वर ऊर्फ सिद्धरामेश्वर यांचे मंदिर. शहराचे ग्रामदैवत. शहराची लोकसंख्या ९,५१,५५८ (महानगरपालिका क्षेत्र, २०११). मंदिरापर्यंत काठावरून बांधीव वाट असून आवारात सिद्धेश्वरांची समाधी आहे.

सिद्धेश्वर हे बाराव्या शतकातील वीरशैव शिवयोगी व कन्नड वचनकार. बसवेश्वर, अल्लमप्रभू व चन्नबसवेश्वर यांचे समकालीन. मुद्दगौडा व सुग्गलादेवी यांचा हा मुलगा. गाव सोन्नलगी, म्हणजे आजचे सोलापूर. शेत राखत असताना एका भुकेल्या जंगमाच्या रूपात श्रीशैलाचा मल्लिकार्जुन त्यांना भेटला, आणि तो दिसेनासा झाल्यावर त्याला शोधत हे मूल थेट श्रीशैलापर्यंत गेले, अशी कथा आहे. परत आल्यावर त्यांनी गावात मल्लिकार्जुनाची स्थापना केली, भोवती अडुसष्ट लिंगे स्थापिली आणि तलाव खणायला घेतला. त्यांच्या वचनांतील ‘कपिलसिद्धमल्लिकार्जुन’ ही मुद्रा याच देवाची. तेराव्या शतकातील कवी राघवांक याने त्यांच्यावर ‘सिद्धराम चरित्र’ हे कन्नड काव्य रचले.

तलावाच्या संदर्भात अल्लमप्रभूंची भेट महत्त्वाची. वीरशैव परंपरेनुसार खोदकाम ऐन भरात असताना अल्लमप्रभू तेथे आले आणि त्यांनी सिद्धरामाला माती उपसणाऱ्यांचा म्होरक्या म्हणून हिणवले. चिडलेल्या खोदकऱ्यांनी त्यांच्यावर दगड भिरकावले. पुढे सिद्धराम अल्लमप्रभूंबरोबर बसवेश्वरांच्या कल्याणला (बसवकल्याण) गेले आणि चन्नबसवेश्वरांनंतर तेथील शरणसभेच्या शून्यसिंहासनाचे अधिपती झाले. या कथेचे तात्पर्य कर्मापेक्षा ज्ञान मोठे असे सांगितले जाते. सोलापूरकरांनी मात्र ते फारसे मनावर घेतलेले दिसत नाही. वर्षाला जेमतेम ५५ सेंमी. पावसाच्या या गावात सिद्धरामाची ओळख अजूनही तळे खोदणारा अशीच आहे.

किल्ला बहमनी काळातील, साधारणतः चौदाव्या शतकातला. पूर्वेला तलाव, उरलेल्या बाजूंना खंदक. आत मल्लिकार्जुनाच्या जुन्या मंदिराचे अवशेष व बत्तीस खांबी वास्तू आहे. आदिलशाही व निजामशाही यांच्यात हा किल्ला हुंड्याचा विषय होऊन बसला. इस्माइल आदिलशहाची बहीण मरियम हिचा बुऱ्हाण निजामशहाशी १५२४ च्या सुमारास विवाह झाला, तेव्हा सोलापूर कबूल केले होते. ते दिले गेले नाही आणि त्यावरून लढाया सुरू झाल्या. पुढे निजामशाहीतील चाँदबिबी विजापूरच्या पहिल्या अली आदिलशहाला दिली, तेव्हा हाच किल्ला आंदण म्हणून विजापूरकडे आला. पुढच्याच टप्प्यात, १५६५ मध्ये, दोन्ही शाह्या विजयनगरविरुद्ध एका बाजूने लढल्या. मे १८१८ मध्ये जनरल मन्रोने किल्ला पेशव्यांच्या सैन्याकडून घेतला. १९३० च्या मार्शल लॉच्या हकिकतीसाठी व मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांच्या फाशीसाठी (१२ जानेवारी १९३१) पाहा : चार हुतात्मे.

गड्डा यात्रा : संक्रांतीच्या सुमारास भरते. मूळ आख्यायिका अशी, की एका कुंभारकन्येने सिद्धेश्वरांशी लग्नाचा हट्ट धरला. योग्याला ते शक्य नसल्याने त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाह करायला सांगितले. तोच विवाह दरवर्षी लागतो. योगदंडाच्या जागी सात नंदीध्वज असतात. हे उंच, जड काठीचे ध्वज पांढरी बाराबंदी घातलेले भक्त कमरेच्या पट्ट्यावर तोलून चालतात. ध्वजांचे मान हिरेहब्बू घराण्यापासून लिंगायत माळी, विश्वब्राह्मण व मातंग समाजांपर्यंत वाटलेले आहेत. मिरवणूक उत्तर कसब्यातील हिरेहब्बू वाड्यातून निघते.

भोगीला अडुसष्ट लिंगांना तेल वाहिले जाते. त्याला यण्णीमज्जन म्हणतात. संक्रांतीला तलावाकाठच्या संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो. संमतीवचन कन्नडमध्ये म्हटले जाते. गर्दीत मराठी, तेलुगू, उर्दू बोलणारेही असतात; अर्थ न कळणारेही नेमक्या जागी अक्षता टाकतात आणि ‘हर्र बोला हर्र’चा गजर होतो. किंक्रांतीला होम. बाजरीच्या पेंढीला शालू नेसवून, दागिने घालून ती कुंभारकन्या म्हणून होमात अर्पण करतात. त्याच रात्री वासराची भाकणूक होते : दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरासमोर धान्य, गूळ, खोबरे, पान-सुपारी ठेवतात. ते कशाला तोंड लावते, कशाला नुसते हुंगते, बुजते की शांत उभे राहते, यावरून पाऊसपाणी व बाजारभाव सांगितले जातात. दुसऱ्या दिवशी शोभेचे दारूकाम व त्यानंतर नंदीध्वजांची वस्त्रे उतरवण्याचा कप्पडकळ्ळी हा विधी होऊन धार्मिक भाग संपतो. होम मैदानावरचे पाळणे, खेळणी व खाद्यपदार्थांची दुकाने मात्र पुढेही काही दिवस राहतात. बाहेरून येणाऱ्याने किल्ला वर्षभरात कधीही पाहावा. तलाव पाहायचा तर या पाच दिवसांत. याच दिवसांत शिवारात हुरड्याची ज्वारी असते.

उद्योग : चादरी, टॉवेल, विड्या. जुनी गिरणी (१८७७) बंद. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

परिसर : हिवाळ्यात पाणपक्ष्यांसाठी विजापूर रस्त्यावरचा संभाजी तलाव (जुने नाव कंबर तलाव) अधिक चांगला. शहराच्या उत्तरेस एकरुखचा तलाव (हिप्परगा, १८७१) आहे. नान्नज येथील माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये घोषित झाले. क्षेत्र ८,४९६ चौ. किमी. (नंतर घटवून सुमारे १,२२२ चौ. किमी.). माळढोक पाहण्याच्या आशेने जाणाऱ्यांनी अपेक्षा बेताची ठेवावी. अलीकडच्या गणनांत एखादाच पक्षी आढळतो आणि एखाद्या वर्षी तोही नाही. काळवीट, लांडगा, खोकड, चंडोल व माळावरचे शिकारी पक्षी पाहण्यासाठी मात्र नान्नजला पुन्हा पुन्हा जावे. जून–जुलैत पावसाने हिरवे झालेले गवत आणि डिसेंबरात पिवळे पडलेले गवत ही या माळाची दोन वेगवेगळी दृश्ये आहेत. लांबून येणारे लोक बर्फ आणि डोंगरांच्या सवयीने त्याला ‘ओसाड’ म्हणतात, ते बरोबर नाही. गवताळ माळ ही स्वतंत्र अधिवासाची जात आहे. जेथे झाडे लावून ‘सुधारणा’ केली, तेथे माळढोकाला मोकळी जागा उरली नाही.

दळणवळण : सोलापूर हे मुंबई–चेन्नई लोहमार्गावरील जंक्शन. मुंबईहून रात्रीची गाडी सिद्धेश्वर एक्सप्रेस. वंदे भारत फेब्रुवारी २०२३ पासून. होटगी रस्त्यावरील विमानतळाच्या आड येणारी साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडण्यात आली. गोव्यासाठी विमानसेवा जून २०२५ पासून. मंदिर स्थानकापासून जवळ, रिक्षाने दहा मिनिटांत.