वजनकाट्यात न मावणारा तोल

आपल्या देशात स्थूलतेची चर्चा आजही किलोग्रॅममध्येच होते. या सवयीचा इतिहास तपासला, तर एक विसंगती ठळकपणे दिसते. बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केटले यांनी १८३०च्या दशकात मांडलेले वजन आणि उंचीचे गणित 'सरासरी माणसा'च्या शोधासाठी होते, आजार ओळखण्यासाठी नव्हे. त्यालाच १९७२ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ अ‍ॅन्सेल कीज यांनी 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिले. त्यांच्या अभ्यासात केवळ पुरुष होते. शारीरिक हालचाल व हृदयविकार यांचा संबंध दाखवणारे जेरी मॉरिस यांचे १९५३ चे लंडनमधील बसचालक-वाहकांवरील संशोधनही पुरुषांवरच झाले.

तोलाचा अभ्यास वेगळ्या वाटेने पुढे सरकला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बर्लिनचे मॉरिट्झ रॉम्बर्ग यांनी रुग्णाला पाय जुळवून, डोळे मिटून उभे करण्याची चाचणी वर्णिली. तोल म्हणजे केवळ स्नायूंचे बळ नव्हे. डोळे, अंतर्कर्ण आणि स्नायू-सांधे यांच्याकडून येणाऱ्या संवेदनांची मेंदूने घातलेली ती सांगड आहे. १९९७ मध्ये स्वीडनमधील संशोधकांना आढळले की, बोलू लागताच चालता चालता थांबणारे वृद्ध पुढे अधिक पडतात. पाऊल आणि विचार एकाच अवधानाच्या पुंजीवर चालतात, हे त्यातून उमगले. १९९९ मध्ये आर्थर क्रेमर व सहकाऱ्यांनी बैठ्या सवयीच्या १२४ ज्येष्ठांवर सहा महिने प्रयोग केला. जलद चालणाऱ्यांची नियोजन आणि लक्ष वळवण्याची क्षमता सुधारली. केवळ ताणाचे व्यायाम करणाऱ्यांत तसा लाभ दिसला नाही.

या दोन वाटा स्थूल स्त्रीच्या शरीरात एकत्र येतात. पोटाभोवतीचा भार गुरुत्वमध्य पुढे ओढतो, घोट्यांवरील काम वाढते आणि तोल सावरण्यातच अवधान खर्ची पडू शकते. टाचेला अंगठा टेकवत चालणे, आधाराजवळ एका पायावर उभे राहणे, चालताना उलटे आकडे मोजणे हे सराव पाय आणि बुद्धी दोघांनाही कामाला लावतात. त्यांचा लाभ मिळण्यासाठी आधी वजन घटण्याची वाट पाहावी लागत नाही.

भारतात २००९ च्या तज्ज्ञ-सहमतीने स्त्रियांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा ८० सेंटिमीटर ठरवली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) प्रथमच कंबर मोजली गेली, तेव्हा सुमारे ४० टक्के स्त्रिया आणि १२ टक्के पुरुष पोटाच्या स्थूलतेच्या कक्षेत आले. २०२२ च्या अंदाजानुसार ५७ टक्के भारतीय स्त्रियांची हालचाल अपुरी आहे. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के.

ही दरी आळसाची नव्हे. दिवसभर घरासाठी राबणाऱ्या बाईला स्वतःसाठीचा अर्धा तास आणि निर्धोक मोकळी जागा क्वचितच लाभते. पुरुषांच्या मापांवर उभ्या राहिलेल्या विज्ञानाने तिची कंबर उशिरा का होईना, मोजली. आता तिचा तोल आणि तिचे अवधान हेही आरोग्याचे माप मानले जावे, एवढीच या इतिहासाची मागणी आहे.