नवजात अर्भकांची रक्तपरीक्षा : एका रासायनिक खुणेचा इतिहास

रोगाची खूण सापडणे आणि ती वेळेवर सापडणे, या दोन भिन्न गोष्टी होत. फेनिलकीटोनुरिया या आनुवंशिक चयापचय-दोषाच्या इतिहासात हा भेद विशेष स्पष्टपणे दिसून येतो.

१९३४ साली ओस्लो येथील वैद्य आस्ब्यर्न फलिंग यांच्याकडे एक माता आपली दोन मतिमंद मुले घेऊन आली. मुलांच्या मूत्रात फेरिक क्लोराइड मिसळताच त्यास गर्द हिरवा रंग आला. हा परिणाम फेनिलपायरुविक आम्लाचा असल्याचे फलिंग यांनी पृथक्करणाने सिद्ध केले. अन्नातील फेनिलअॅलनीन या अॅमिनो आम्लाचे यथायोग्य रूपांतर न झाल्याने ते या रोग्यांच्या रक्तात साचते व मेंदूच्या वाढीस बाध आणते. खूण मिळाली, उपाय मात्र नव्हता.

१९५३ मध्ये बर्मिंगहॅम येथील बिकेल, जेरार्ड व हिकमन्स यांनी दोन वर्षांच्या एका मुलीस फेनिलअॅलनीन अत्यल्प असलेला आहार दिल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. तिच्यात सुधारणा दिसली. तथापि मेंदूची पूर्वी झालेली हानी भरून निघाली नाही. उपचार जन्मानंतर लवकरच सुरू व्हावयास हवा, हे उघड झाले. परंतु मूत्रातील हिरवा रंग बहुधा काही आठवड्यांनंतरच दिसे. रक्तातील फेनिलअॅलनीन मात्र पहिल्या काही दिवसांतच वाढते.

या फरकाचा उपयोग अमेरिकेत बफेलो येथील रॉबर्ट गथ्री यांनी केला. टाचेतून घेतलेला रक्ताचा थेंब टिपकागदावर वाळवून त्याची चकती ते जिवाणू पेरलेल्या अगारवर ठेवीत. त्या अगारात जिवाणूंची वाढ रोखणारे द्रव्य असे. फेनिलअॅलनीनमुळे हा अवरोध दूर होई. चकतीभोवतीचे वाढीचे वर्तुळ जितके मोठे, तितके रक्तातील प्रमाण अधिक. ही पद्धती १९६३ मध्ये सविस्तर प्रसिद्ध झाली व त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्स राज्याने अशी तपासणी कायद्याने आवश्यक केली.

तथापि या यशाबरोबर एक नवा प्रश्न उद्भवला. फेनिलअॅलनीन वाढलेले प्रत्येक अर्भक या रोगाने ग्रस्त नसते. काहींमध्ये ती वाढ तात्पुरती वा सौम्य असते. शिवाय हे अॅमिनो आम्ल वाढीस आवश्यक असल्याने अतिकठोर आहारही अपाय करतो. म्हणून चाळणी-परीक्षेनंतर निश्चित निदान व पुढे नियमित रक्तमापन अनिवार्य ठरले. १९९० नंतर वस्तुमान-वर्णपटमापनाच्या साह्याने त्याच वाळलेल्या थेंबातून अनेक चयापचय-दोष एकाच वेळी शोधणे शक्य झाले. खुणांची संख्या अशी वाढली असली, तरी प्रत्येक नव्या खुणेस दोन कसोट्या लावाव्याच लागतात : ती हानीपूर्वी दिसते काय, आणि ती दिसल्यावर बालकासाठी काही करता येते काय?