आजोबांचं रिव्हॉल्व्हर आणि त्यावरचा नंबर

जुनी वस्तू घरात सापडली की आपल्याकडे दोन प्रश्न ठरलेले. किती जुनी आहे? आणि किती मिळतील? नाणं असो, अडकित्ता असो की चावीचं घड्याळ, प्रश्न तेच. वस्तू रिव्हॉल्व्हर असेल तर मात्र तिसरा एक प्रश्न हळू आवाजात येतो: "भानगड तर नाही ना होणार?"

एका मित्राच्या काकांकडे, सातारा जिल्ह्यातल्या त्यांच्या गावी, असं एक रिव्हॉल्व्हर आहे. रीतसर परवान्याचं. काकांचं वय झालंय, पुढच्या पिढीतलं कुणी पुण्यात, कुणी परदेशात. त्यामुळे "याचं करायचं काय?" हा विषय निघाला आणि मला जुन्या गोष्टींची खोड असल्यामुळे मित्र मला घेऊन गेला. घरातली गोष्ट अशी, की आजोबा पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीत होते, कुतच्या वेढ्यात हे रिव्हॉल्व्हर त्यांच्या कमरेला होतं आणि तिथून ते त्यांनी घरी आणलं. काकांनी ही गोष्ट लहानपणापासून ऐकलेली, आणि पुढे आम्हाला सांगितली तीही अशी, की ऐकणारा जागचा हलू नये!

रिव्हॉल्व्हर होतं वेब्ली मार्क सहा.

या वेब्लीबद्दल थोडं सांगायला हवं. बर्मिंगहॅमच्या या कंपनीचं रिव्हॉल्व्हर ब्रिटिश सैन्यानं पहिल्यांदा १८८७ साली स्वीकारलं. मग मार्क एक, दोन, तीन असं करत महायुद्ध सुरू झाल्यावर, मे १९१५ मध्ये, मार्क सहा आलं. सहा इंची नळी, सहा गोळ्या, ०.४५५ इंचाचा बोअर आणि किलोभराहून थोडं जास्त वजन. युद्धाच्या काळात अशी सुमारे तीन लाख रिव्हॉल्व्हरं तयार झाली. याची खासियत म्हणजे डाव्या बाजूचा खटका अंगठ्यानं दाबला की ते मधोमध मोडतं, नळी खाली झुकते आणि रिकामी काडतुसं सगळी एकदम वर उचलली जातात. खंदकातल्या चिखलातही हे काम बिनबोभाट व्हायचं, म्हणून सैनिकांचा यावर जीव.

१९३२ साली सैन्यानं लहान बोअरचं एन्फील्ड रिव्हॉल्व्हर स्वीकारलं आणि मार्क सहा हळूहळू मागे पडलं. पण वेब्लीची ही मोडणारी रचना आपल्याकडे अजून जिवंत आहे. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं ०.३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर त्याच घराण्यातलं, आणि २०१४ साली गाजावाजा करून आलेलं 'निर्भीक'सुद्धा.

असो. तर रिव्हॉल्व्हर वाचायचं कसं? हो, वाचायचंच. (आणि वाचण्याआधी ते रिकामं आहे याची खात्री जाणकार माणसाकडून करून घ्यायची. 'शंभर वर्षांचं आहे, आता काय उडणार' असं म्हणायचं नाही.) मार्क सहावर बारीक अक्षरांत बरंच काही कोरलेलं असतं. सांगाड्याच्या डाव्या बाजूला कंपनीचं नाव आणि साल. सांगाड्यावर नंबर, आणि तोच नंबर सिलिंडरवरही. दोन्ही जुळले तर भाग मूळचे, नाही जुळले तर कधीतरी दुसऱ्या रिव्हॉल्व्हरचा भाग याला बसवलाय. मग बाणाची खूण. जाड टोकाचा बाण म्हणजे सरकारी मालमत्ता. बाणाखाली इंग्रजी 'आय' असेल तर ते हिंदुस्थान सरकारच्या साठ्यातलं. आणि दोन बाण टोकाला टोक लावून समोरासमोर असतील तर सरकारनं ते साठ्यातून काढून विकलं.

काकांच्या रिव्हॉल्व्हरवर नंबर जुळत होते. समोरासमोरचे दोन बाणही होते, थोडे झिजलेले. आणि साल होतं १९१८.

आता कुतचा वेढा सुरू झाला डिसेंबर १९१५ मध्ये आणि १४७ दिवसांनी, २९ एप्रिल १९१६ रोजी, जनरल टाउनशेंडनं तुर्कांपुढे शरणागती पत्करली. सहाव्या पूना डिव्हिजनमधले सुमारे १३ हजार लोक कैद झाले. त्यांत १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. शरण जाण्याआधी तोफा आणि दारूगोळा नष्ट करून टाकण्यात आला. उरलेल्या माणसांना बगदाद, मोसुल असं चालवत वाळवंटातून नेलं आणि कित्येकांना रेल्वेच्या कामावर जुंपलं. अशा कैदेतून कुणी रिव्हॉल्व्हर घेऊन परत येईल हे शक्य नव्हतं. आणि १९१८ साली बनलेलं रिव्हॉल्व्हर १९१६ च्या वेढ्यात असणं तर त्याहून शक्य नव्हतं.

मी हे काकांना कसं सांगावं या विचारात होतो. शेवटी विचारलं, "काका, आजोबांचे काही कागद आहेत का?"

पत्र्याची ट्रंक निघाली. त्यात दोन पदकं. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश पदकांची एक चांगली गोष्ट म्हणजे त्यांच्या कडेवर सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. इथे हुद्दा होता शिपाई, पलटण ११७वी मराठा. म्हणजे कुतची गोष्ट खरी असायला पूर्ण जागा होती. फक्त शिपायाचं हत्यार रायफल, रिव्हॉल्व्हर नव्हे. ट्रंकेच्या तळाशी परवान्याचा जुना कागद होता, १९३६ सालचा, आजोबांच्याच नावाचा. हुद्दा: पेन्शनर सुभेदार. आणि हत्यार कुठून आलं त्यापुढे एकच शब्द: खरेदी.

काका बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आणलं नव्हतं तर. घेतलं होतं."

मला यात वाईट वाटण्यासारखं काही दिसत नाही, आणि तसं मी काकांना सांगितलंही. १८७८ च्या लिटनच्या शस्त्र कायद्यानं हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगायला बंदी केली, आणि युरोपियनांना त्यातून सूट दिली. हा भेदभाव किती झोंबत होता ते काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांतले ठराव वाचले की कळतं. त्या काळात खेड्यातला एक पोरगा शिपाई म्हणून भरती होतो, कैद भोगून परत येतो, सुभेदार होऊन निवृत्त होतो आणि ज्या सरकारनं सगळा देश निःशस्त्र केला त्याच सरकारकडून परवाना मिळवून पेन्शनच्या पैशांनी स्वतःचं रिव्हॉल्व्हर घेतो. ऐकीव गोष्टीपेक्षा ही गोष्ट मला मोठी वाटते. शिवाय हिला पुरावा आहे.

आता किमतीचा प्रश्न. एकसारखी दोन रिव्हॉल्व्हरं दोन देशांत असली तर त्यांची किंमत वेगळी असते, कारण किंमत नुसत्या लोखंडाची नसते, कायद्याचीही असते. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात १८९८ पर्यंत बनलेलं हत्यार 'अँटीक' धरलं जातं आणि त्याला बऱ्याच बंधनांतून सूट असते. म्हणजे मार्क एक तिथे पुराणवस्तू, मार्क सहा मात्र नाही. ब्रिटनमध्ये १९९६ च्या डनब्लेनच्या शाळेतल्या हत्याकांडानंतर १९९७ मध्ये पिस्तुलं आणि रिव्हॉल्व्हरं खाजगी लोकांकडून जवळजवळ काढूनच घेतली, त्यामुळे ज्या देशात वेब्ली बनलं तिथे ते बरंचसं निकामी करूनच विकलं जातं. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यात नुसत्या वयाला किंमत नाही. जुनाट हत्याराला सूट आहे, पण ते दुरुस्त करूनही चालू शकणार नसेल तरच. तिकडे १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांची मर्यादा आहे आणि पुरावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर विकता येत नाही. म्हणजे काकांचं रिव्हॉल्व्हर एका कायद्यानं पुरावस्तूच्या वयाचं आणि दुसऱ्या कायद्यानं अजूनही चालू हत्यार! परदेशातल्या लिलावाचे आकडे वाचून इथे हिशेब मांडणं म्हणूनच फोल. परवानाधारक विक्रेता किंवा तसलाच परवाना असलेला गिऱ्हाईक, एवढाच इथला बाजार. त्यात सैन्याच्या बोअरचे नियम आणखी कडक.

पण किंमत वाढते कशानं आणि पडते कशानं हे सगळीकडे सारखंच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर हजारो वेब्ली अमेरिकेत स्वस्तात विकली गेली. तिथे ०.४५५ ची काडतुसं मिळेनात, म्हणून सिलिंडरची मागची बाजू तासून त्यात अमेरिकी काडतुसं बसवली. तेव्हा ती सोय होती. आज तासलेल्या सिलिंडरचं रिव्हॉल्व्हर न तासलेल्यापेक्षा बरंच कमी किमतीला जातं. दुसऱ्या टोकाला, २०१८ साली अमेरिकेत १८४७ चं एक कोल्ट वॉकर रिव्हॉल्व्हर सुमारे १८ लाख ४० हजार डॉलरला गेलं. एका डॅनिश जहाजाच्या कप्तानानं ते घेतलं होतं. मूळ पेटी सोबत होती आणि कुणाकडून कुणाकडे गेलं याची साखळी तुटलेली नव्हती. मोल त्या न तुटलेल्या साखळीला होतं.

आपल्याकडे ही साखळी कशी तुटते? एक म्हणजे खंडेनवमी. वर्षातून एकदा हत्यार काढायचं, हळदकुंकू वाहायचं, इथवर ठीक. पण त्याआधी ते लख्ख दिसावं म्हणून पॉलिश पेपरनं घासायचं! ऐंशी-नव्वद वर्षं असं घासल्यावर बाण जातो, मग साल जातं, मग नंबर. कुणी तर वरून निकेलचा मुलामा देऊन आणतात. दुसरं म्हणजे परवानाधारक गेल्यावर घरचे घाबरून हत्यार जमा करतात आणि पुन्हा तिकडे बघत नाहीत. जमा करावंच लागतं, कायदाच तसा आहे. पण जमा करण्याआधी नंबर, साल, खुणा यांचे फोटो काढून कागदांबरोबर ठेवायला काय हरकत आहे?

नंबर किती मोलाचा असतो याचं आपल्याकडचं उदाहरण रिव्हॉल्व्हरचं नाही, पिस्तुलाचं आहे. १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरला साँडर्सचा वध झाला. त्या खटल्यातलं भगतसिंगांचं ०.३२ बोअरचं कोल्ट पिस्तूल अनेक वर्षं कुठे आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. होतं कुठे? इंदूरला, सीमा सुरक्षा दलाच्या संग्रहालयात, चक्क मांडून ठेवलेलं. १९६९ साली फिल्लौरच्या पोलीस अकादमीतून आणखी काही हत्यारांबरोबर ते तिथे आलं होतं. गंजू नये म्हणून वर काळा रंग फासलेला. २०१६ मध्ये तो रंग खरवडला तेव्हा खाली नंबर निघाला, १६८८९६, आणि तो खटल्याच्या कागदांतल्या नंबराशी जुळला. त्याआधी ते कपाटातलं एक जुनं पिस्तूल होतं. पुढे २०१७ मध्ये ते हुसैनीवाल्याला गेलं. मधल्या काळात कुणी ते 'नीट' घासून ठेवलं असतं तर?

नंबरावरून आठवलं ते सांगून थांबतो. इराकमध्ये बसऱ्याला पहिल्या महायुद्धातल्या, कबर नसलेल्या सैनिकांचं स्मारक आहे. ४० हजारांहून जास्त माणसांचं. १९२९ साली त्याचं अनावरण झालं. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावं आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची नावं आहेत. पण साध्या हिंदी शिपायांची नावं कोरली नाहीत, पलटणीच्या नावाखाली फक्त त्यांचा आकडा. युद्धस्मारकांची व्यवस्था बघणाऱ्या राष्ट्रकुल आयोगानं २०२१ मध्ये या भेदभावाबद्दल जाहीर माफी मागितली.

म्हणजे त्या युद्धात प्रत्येक रिव्हॉल्व्हरला त्याचा स्वतःचा नंबर होता, तोही दोन-दोन ठिकाणी कोरलेला. आणि शिपाई मेला तर त्याच्या वाट्याला आलेला आकडाही त्याचा एकट्याचा नव्हता.

काकांना मी किमतीचा आकडा सांगितला नाही. इतकंच म्हणालो, की रिव्हॉल्व्हरचं काय करायचं ते नियमानं होईल. पण ती दोन पदकं आणि १९३६ चा कागद विकू नका, घासू नका आणि एकमेकांपासून वेगळे करू नका. आजोबांचं नाव त्याच तीन जागी लिहिलेलं आहे.