गीतस्पर्धा

गीतस्पर्धा : दोन वा अधिक पक्षांनी आपापली गीते लोकांसमोर सादर करून त्यांतील श्रेष्ठ गीत वा श्रेष्ठ पक्ष ठरविण्याचा कार्यक्रम. शाहिरांचे फड, संस्था किंवा राष्ट्रे असे कोणतेही पक्ष त्यात असू शकतात. गीताचे मोल ठरविण्याचे सर्वमान्य माप उपलब्ध नसल्यामुळे निर्णय कोणी व कसा द्यावयाचा, हा अशा स्पर्धांपुढील मूळ प्रश्न होय.

मराठी परंपरेतील गीतस्पर्धेचे ठळक उदाहरण म्हणजे शाहिरांमधील कलगी-तुरा. तुरेवाले शिवाला किंवा पुरुषतत्त्वाला, तर कलगीवाले शक्तीला किंवा प्रकृतीला श्रेष्ठ मानतात. पुराणे व अध्यात्म यांवर आधारलेला कूटप्रश्न एका फडाने गीतातून घालावा आणि प्रतिपक्षाने गीतातूनच त्याचे उत्तर देऊन उलट सवाल करावा, अशी भेदिक शाहिरीची रीत आहे. तमाशातील सवाल-जवाब, कोकणातील शक्ती-तुरा आणि विदर्भातील खडी गंमत यांतही या द्वंद्वाचे दर्शन घडते. भंडारा-गोंदिया भागात दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईत खडी गंमत व दंडार यांचे खेळ होतात. माळवा व राजस्थान या प्रदेशांतही तुर्रा-कलंगी हा प्रकार रूढ असून तुकनगीर व शाह अली या दोन साधुपुरुषांना त्याचे प्रवर्तक मानले जाते. कलगी-तुऱ्याच्या पारंपरिक स्वरूपात गुण देणाऱ्या परीक्षकाची गरज नव्हती. उत्तर न सुचणे हीच हार आणि ती जमलेल्या श्रोत्यांना तत्काळ कळे. दोन्ही पक्ष व श्रोते यांची भाषा आणि पुराणकथांचे ज्ञान समान असल्यामुळेच हे शक्य होते.

राष्ट्राराष्ट्रांतील स्पर्धेत अशी समान भूमी नसते. म्हणून तेथे निर्णयासाठी गुणांकनाचा आश्रय घ्यावा लागतो. अशा स्पर्धांपैकी सर्वांत प्रसिद्ध असलेली यूरोव्हिजन गीतस्पर्धा यूरोपीय प्रक्षेपण संघातर्फे (स्थापना १९५०) घेतली जाते. इटलीतील सान रेमो महोत्सवाच्या धर्तीवर आखलेली ही स्पर्धा २४ मे १९५६ रोजी स्वित्झर्लंडमधील लूगानो येथे प्रथम झाली. सात देशांनी प्रत्येकी दोन गीते सादर केली. मतदान गुप्त होते, परीक्षकांना स्वदेशाच्या गीतालाही मत देता येत असे आणि लक्सेंबर्गची मते यजमान देशाच्या परीक्षकांनीच दिली. विजय स्वित्झर्लंडला मिळाला. मतांचा तपशील मात्र जाहीर झाला नाही. पुढील वर्षीच स्वदेशाला मत देण्यास मनाई करण्यात आली आणि गुण सर्वांसमक्ष फलकावर मांडले जाऊ लागले.

त्यानंतरचे अनेक नियम अशाच एखाद्या तक्रारीतून घडले. १९६९ मध्ये माद्रिद येथे स्पेन, ब्रिटन, नेदर्लंड्स व फ्रान्स यांना प्रत्येकी १८ मते पडली आणि बरोबरी सोडविण्याचा नियम नसल्याने चौघेही विजयी ठरले. पुढील वर्षी काही देशांनी स्पर्धेकडे पाठ फिरविली. १९७५ पासून प्रत्येक देशाने आपल्या पसंतीच्या दहा गीतांना १ ते ८, १० व १२ असे गुण देण्याची पद्धत सुरू झाली. लोकसंख्येचा विचार न करता लहानमोठ्या सर्व देशांच्या मताला यात सारखेच वजन मिळते. १९९७ मध्ये पाच देशांत प्रेक्षकांना दूरध्वनीवरून मत देण्याची मुभा मिळाली व लवकरच ती प्रथा सर्वत्र पसरली. परंतु शेजारी देश व स्थलांतरित समाज एकमेकांनाच मते देतात, असा आक्षेप आला. त्यामुळे २००९ पासून अंतिम फेरीत परीक्षक व प्रेक्षक यांना समान वाटा देण्यात आला. भाषेचा प्रश्नही असाच वादाचा ठरला. १९७७ ते १९९८ या काळात स्वदेशाच्या भाषेतच गाण्याचे बंधन होते. ते उठताच बरेच देश इंग्रजीकडे वळले. स्पर्धा सर्वांना समान संधी देते, परंतु लहान भाषांना त्याची किंमत मोजावी लागते, हे यावरून दिसते.

राष्ट्रांमधील तंटेही या मंचावर उमटतात. युक्रेनवरील आक्रमणानंतर २०२२ मध्ये रशियाला वगळण्यात आले. पूर्वी पोलंडमधील सोपोट येथे १९७७ ते १९८० या काळात भरलेली इंटरव्हिजन स्पर्धा रशियाने २०२५ मध्ये मॉस्कोत पुनरुज्जीवित केली. तीत भारतानेही भाग घेतला; विजेता देश व्हिएटनाम ठरला.

कलगी-तुऱ्यात प्रतिपक्षाच्या सवालावाचून आपले गीत पुढे सरकत नाही. एक पक्ष नाहीसा झाला, तर दुसऱ्यालाही अर्थ उरत नाही. राष्ट्रांच्या स्पर्धेत गीते परस्परांना उत्तर देत नाहीत, केवळ शेजारी उभी राहतात. त्यामुळे तेथे नियमांवरील विश्वास हाच स्पर्धेचा आधार असतो आणि तो ढळला की उत्तम गीताचा विजयही संशयास्पद ठरतो.